तारखांचं गाव

खेडचा घाट मागे पडला की आंबेगाव तालुका लागतो. मंचरला कांदा-बटाट्याच्या गाड्यांमधून वाट काढायची, कळंबपाशी घोड नदी ओलांडायची, की पुढे मीनेकाठचं नारायणगाव. हा प्रवास चैत्रात केला तर गावोगावच्या कमानींवरचे फ्लेक्स वाचत जाता येतं. वर ग्रामदैवत, त्याखाली यात्रा कमिटीचे फोटो, मग मांडवडहाळे, शेरणी, बैलगाडा शर्यत, पालखी असा कार्यक्रम आणि सगळ्यात ठळक अक्षरांत रात्रीच्या लोकनाट्य तमाशा मंडळाचं नाव. ही नावं जिथे ठरतात ते ठिकाण पाहायला मी निघालो होतो.

नारायणगावात उतरल्यावर पत्ता विचारावा लागत नाही. पुणे-नाशिक रस्त्याच्या कडेला पत्र्याच्या, कापडाच्या राहुट्या ओळीने उभ्या असतात. प्रत्येकीवर फडाचा बोर्ड आणि कलावंतांचे रंगीत फोटो. नारायणगावकर, करवडीकर, शिरोलीकर, ढवळपुरीकर अशी फडांची नावं वाचताना महाराष्ट्राचा निम्मा नकाशा डोळ्यांखालून जातो. सुगी आटोपली की फड इथे राहुटी टाकतात आणि पाडव्याच्या सुमारास इथली गर्दी टिपेला पोचते.

एका राहुटीत बसायला मिळालं. गादीवर मॅनेजर, पुढ्यात डायरी, समोर एका गावचे पाच-सहा जण. बोलणं कलेवरून सुरू झालंच नाही. पहिला प्रश्न तिथीचा होता, कारण देवाची यात्रा पुढे-मागे होत नाही. मग वग कोणता, पोरी किती, लाइट-साउंड कुणाचं, आदल्या रात्री फड कुठे आहे आणि तिथून गाडी वेळेत पोचेल का, एवढं सगळं विचारून झालं. शेवटी रकमेची घासाघीस. एकाने उठून जायचा आव आणला, दुसऱ्याने त्याचा हात धरून खाली बसवलं; हे दोघांचं ठरलेलंच असावं. चहा आला, आकडा मध्यावर आला, इसार दिला गेला आणि मॅनेजरने डायरीतल्या तारखेपुढे गावाचं नाव लिहिलं. सुपारी फुटली.

नारायणगावला तमाशाची पंढरी म्हणतात. ही पंढरी चौकाने घडवली. जुन्नर, ओतूर, आळेफाटा, शिरूर, पारनेर, संगमनेर, सगळीकडून इथे येणं सोपं. भोवती बागायती गावं, प्रत्येक गावाला आपलं दैवत आणि प्रत्येक घरातून यात्रेची पट्टी. त्यात मुंबईकडचा पैसा. या तालुक्यांतली माणसं पिढ्यान्‌पिढ्या मुंबईत हमालीला, भाजीबाजारात, गिरण्यांत गेली. लालबागच्या हनुमान थिएटरात तमाशा पाहणारा चाकरमानी यात्रेला गावी आला, की तोच थाट गावच्या माळावर मागायचा.

कलावंत आणि त्याचं गाव हे नातं जगात इतरत्र वेगळ्या तऱ्हेने जपलं जातं. बीटल्सनी १९६१ ते १९६३ या काळात लिव्हरपूलच्या मॅथ्यू स्ट्रीटवरच्या ‘कॅव्हर्न क्लब’ या तळघरात जवळपास तीनशे कार्यक्रम केले. तो क्लब १९७३ मध्ये बंद झाला आणि पुढे पाडलाही गेला. नंतर त्याच जागेवर, बऱ्याचशा जुन्याच विटा वापरून तो पुन्हा बांधावा लागला, कारण लोक पाहायला येत होते. नारायणगावच्या फडांचं असं तळघर दाखवता येणार नाही. त्यांची रंगभूमी म्हणजे देवळापुढचं पटांगण किंवा कापणी झालेलं रान. रात्री तिथे बोर्ड, म्हणजे तमाशाचा मंच, उभा राहतो, दुसऱ्या दिवशी ट्रकमध्ये चढतो आणि पावसाळ्यात त्या रानात बाजरी असते.

म्हणून इथला इतिहास माणसांच्या वाटेनेच शोधावा लागतो. या मुलखातलं सर्वांत मोठं नाव तमासगीर विठाबाई नारायणगावकर यांचं. त्यांचे आजोबा नारायण खुडे शिरूर तालुक्यातल्या कवठे यमाईचे. फड त्यांनी उभा केला. पुढे वडील भाऊ आणि चुलते बापू यांनी तो ‘भाऊ-बापू मांग नारायणगावकर’ या नावाने गाजवला. विठाबाईंचा जन्म १९३५ चा, पंढरपूरचा. म्हणजे घराण्याचं मूळ एका तालुक्यात, जन्म दुसऱ्या जिल्ह्यात आणि नावापुढे नारायणगाव. फडाच्या बोर्डावर गाव होतं तशी जातही होती. जे गाव या फडासाठी रात्रभर जागायचं, त्याच गावात मांगवाडा वेशीबाहेर होता. टाळी आणि शिवाशिव एकाच माळावर नांदत होती.

विठाबाईंची एक गोष्ट इथे प्रत्येकजण सांगतो. दिवस भरलेले असताना त्या बोर्डावर नाचत होत्या. कळा आल्या, आत जाऊन बाळंत झाल्या, दगडाने नाळ तोडली आणि पुन्हा उभ्या राहायला निघाल्या. लोकांनीच मग त्यांना थांबवलं. गोष्ट सांगणाऱ्याचा ऊर अभिमानाने भरून येतो. मला मात्र त्यात सुपारीचा धाक दिसतो. खेळ मोडला तर बिदागी बुडते आणि बिदागीवर सगळ्या फडाची चूल असते. १९६२ च्या चीन युद्धाच्या काळात त्या जवानांपुढे नाचल्या, राष्ट्रपतींच्या हस्ते गौरवल्या गेल्या. पण २००२ च्या जानेवारीत गेल्या तेव्हा हलाखीतच होत्या. शासनाने त्यांच्या नावाने जीवनगौरव पुरस्कार सुरू केला तो त्यानंतर. त्यांची मुलगी मंगला बनसोडे यांनी मात्र आपला फड उभा केला आणि आईची गादी पुढे चालवली.

परतीच्या वाटेवर आंबेगावातल्या एका यात्रेला थांबलो. दुपारी शर्यतीच्या घाटात बैलगाडे पळत होते. न्यायालयाच्या बंदीने २०१४ पासून हे घाट ओस पडले होते, डिसेंबर २०२१ मध्ये शर्यती पुन्हा सुरू झाल्या. रात्री गण झाला, गवळणीत मावशीने पेंद्याला धारेवर धरलं, मग वग पहाटेपर्यंत. खरी मजा सकाळच्या हजेरीला. रात्रभर जागलेला फड देवळापुढे उन्हातच उभा राहतो. मंडप नाही, झगमगीत लाइट नाही. ढोलकी, हलगी, तुणतुणं आणि समोर फेटेवाली जुनी मंडळी. रात्री शिट्ट्या मारणारी पोरं झोपलेली असतात. म्हातारे लावणीची फर्माईश करतात, नोट पुढे करतात आणि देणाऱ्याचं नाव माइकवर पुकारलं जातं. पुढे दुपारी कुस्त्यांचा आखाडा, तोवर फडाची गाडी पुढच्या गावाच्या वाटेला लागलेली.

लोककला लोकांच्या प्रेमावर टिकते असं भाषणांत ऐकू येतं. जुन्नर-आंबेगावात ती टिकली ती पट्टीच्या वहीवर आणि राहुटीतल्या डायरीवर. २०२० आणि २०२१ च्या चैत्रात कोरोनामुळे यात्रा झाल्या नाहीत, तेव्हा प्रेम आटलं नव्हतं. डायऱ्या कोऱ्या होत्या, आणि तेवढ्याने फड कर्जात बुडाले. या व्यवहारात तिथी, वग, लाइट, गाडी सगळ्याची बोली होते. कलावंताच्या म्हातारपणाची होत नाही. शासनाचं मानधन आहे, पण ते कागदपत्रांच्या वाटेने यायचं. त्यापेक्षा बैलगाड्याच्या इनामातला एखादा आकडा कमी करून यात्रा कमिट्यांनी दर सुपारीमागे थोडी रक्कम कलावंतांच्या निधीत घातली, तर ती गोळा करायला दुसरी जागा शोधायला नको. गावं पाडव्याला नारायणगावात येतातच.