गच्चीवरचें ऊन

आमच्या सोलापुरांत उन्हाची वाण कधींच नव्हती. परंतु आमच्या घरांत त्याचा उपयोग काय तो आजीच करीत आली. पापड, कुरडया, सांडगे व वर्षाच्या मिरच्या हें सारें चैत्र-वैशाखांत गच्चीवर वाळावयाचें. बाकीच्यांच्या मतें ऊन ही टाळावयाची वस्तु! त्यामुळें गेल्या वर्षीं बाबांनीं गच्चीवर सौर विजेचा संच बसविण्याची गोष्ट काढली, तेव्हां पहिला तंटा झाला तो पैशांवरून नव्हे, तर जागेवरून. पाण्याच्या टांकीची सावली जिच्यावर पडत नाहीं अशी एकच बाजू, दक्षिणेची. आणि तीच आजीच्या वाळवणाची. आजीनें अखेर पूर्वेची पट्टी पत्करली. मिरच्यांस तेथें एक दिवस अधिक लागतो, हें ती अजून ऐकविते.

सूर्यप्रकाशापासून वीज निघते, हें बेकरेल नामक फ्रेंच शास्त्रज्ञास १८३९ सालींच दिसून आलें होतें. परंतु कामास येईल असा सिलिकॉनचा सेल अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत तयार झाला तो १९५४ सालीं. त्यावर पडणाऱ्या प्रकाशाचा शेंकडा ६ इतकाच भाग विजेंत उतरे. आजचें चांगलें पॅनेल शेंकडा २० हून अधिक उतरवितें. पण खरें नवल किंमतीचें आहे. प्रथम हा जिन्नस इतका महाग होता कीं, तो घरांस नव्हे, तर १९५८ सालच्या व्हॅन्गार्ड उपग्रहासच परवडला. पुढें मात्र जगांतील पॅनेलांची एकूण निपज जेव्हां जेव्हां दुप्पट झाली, तेव्हां तेव्हां किंमत सुमारें एक-पंचमांशानें उतरत गेली. कोण्या एका मोठ्या शोधापेक्षां हें हळूहळू उतरणेंच मला अधिक आश्चर्याचें वाटतें.

तरीही आमच्यासारख्यांस ती रक्कम लहान नव्हती. तीन किलोवॅटच्या संचास पावणेदोन लाख रुपये लागणार होते. २०२४ सालीं सुरू झालेल्या पंतप्रधान सूर्यघर योजनेंत अशा संचास ७८,००० रुपये अनुदान आहे. पण तें संच चालू झाल्यावर खात्यांत येतें. घरांत शिल्लक होती ती ताईच्या परिचारिकेच्या शिक्षणासाठीं ठेवलेली. तिला हात लावावा कीं न लावावा, या विवंचनेंत आठ दिवस घरांत कोणी मोठ्यानें बोललें नाहीं. ताई म्हणाली, "लावा." आई म्हणाली, "नाहीं." अखेर बँकेचें कर्ज काढलें. आईचें शिवणयंत्र व उन्हाळ्यांतील कूलर यांमुळें पूर्वीं महिन्याचें बिल दोन-अडीच हजारांखालीं क्वचितच येई. कर्जाचा हप्ता त्याहून कमी बसतो, आणि तो कांहीं वर्षांनीं संपावयाचा आहे. पॅनेलें मात्र वीस-पंचवीस वर्षें टिकतात.

आमचा संच निरभ्र दिवशीं सुमारें बारा युनिटें वीज देतो. उरेल ती तारेनें बाहेर जाते व मीटरवर आमच्या नांवें जमा होते. रात्रीं तितकीच परत घ्यावयाची. पावसाळ्यांत हा आंकडा बराच खालीं येतो. एक गंमत अशी कीं, पॅनेलास ऊन हवें, पण उष्मा नको. तें तापलें म्हणजे वीज घटते. म्हणून वैशाखांतील दुपार आपण समजतों तितकी फलदायी नसते.

एके दिवशीं भर दुपारीं गल्लींतील वीज गेली आणि आमचीहि गेली! शेजारीं हंसूं लागले. बाबांनीं वायरमनला विचारलें. तो म्हणाला, "साहेब, बाहेरची लाईन बंद झाली कीं हा इन्व्हर्टर आपोआप थांबतो. तुमची वीज उलट तारेंत आली, तर खांबावर चढलेल्या माणसाचें काय होईल?" ज्यांस अशा वेळींहि दिवे हवेत, त्यांनीं बॅटरी जोडलेला निराळा संच घ्यावा, तो महाग पडतो. आम्हीं घेतला नाहीं. त्या दिवसापासून अंधाराचा मला पूर्वींइतका राग येत नाहीं.

माझी एक वर्गभगिनी भाड्याच्या खोलींत राहते. तिच्या पत्र्यावर आमच्या गच्चीइतकेंच ऊन पडतें; पण पत्रा घरमालकाचा. ज्याचें छप्पर त्याचा संच, असाच बहुधा हा सारा व्यवहार आहे, व त्यांत भाडेकरूंस जागा थोडी. दुसरीकडील संचाची वीज आपल्या बिलांत वळती करून घेण्याचे नियम दिल्लींत २०१९ सालीं झाले. मीं हें तिला सांगितलें, तेव्हां तिनें लागलीच विचारलें, "मग त्या संचांत आमचा वांटा घ्यावयास किती रुपये लागतील?" आतां आम्ही दोघी मिळून तो हिशेब मांडीत आहों.