गुरू वऱ्हाडात, पुतळा पुण्यात

अमरावतीहून मुंबईच्या गाडीत बसलेला वऱ्हाडी माणूस बडनेरा, मूर्तिजापूर, अकोला, शेगाव ही स्टेशने पाढ्यासारखी पाठ म्हणतो. शेगावच्या पुढे जलंब लागते. येथून खामगावला जाणारा लोहमार्गाचा फाटा १८७० साली निघाला, तो कापसासाठी. मराठी विनोदाची वाटही याच मुलखातून गेली आहे, हे मात्र खिडकीशी बसलेल्या फार थोड्यांना आठवते.

खामगावला आणि पुढे जळगाव जामोदला श्रीपाद कृष्ण कोल्हटकर वकिली करीत. त्यांच्या 'सुदाम्याचे पोहे'मधील सुदामा, बंडूनाना आणि पांडूतात्या या त्रिकुटाने आपले सण, विधी आणि रूढी यांची मनसोक्त थट्टा केली. ज्या समाजाचे दोष दाखवायचे, त्यालाच हसवून त्यांनी ते दाखविले. राम गणेश गडकरी या वकिलांना गुरू मानीत. गुरूची विनोदाची दीक्षा शिष्याने 'बाळकराम' या नावाने पुढे चालविली. २३ जानेवारी १९१९ रोजी नागपूरजवळच्या सावनेरला, वयाच्या अवघ्या तेहतिसाव्या वर्षी गडकरी गेले. 'राजसंन्यास' अपुरेच राहिले.

गडकऱ्यांचा अर्धपुतळा उभा राहिला तो मात्र पुण्याच्या संभाजी उद्यानात. आणि जानेवारी २०१७ च्या आरंभी, एका रात्री, काही जणांनी तो उखडून मुठेत फेकला. त्याच अपुऱ्या नाटकातले संभाजीराजांचे चित्रण त्यांना अपमानकारक वाटत होते.

राग येऊ नये असे कोण म्हणेल? छत्रपतींविषयीचा उणा शब्द मराठी मनाला झोंबायचाच. परंतु नाटकाला उत्तर द्यायचे तर आधी ते वाचावे लागते; पुतळा पाडायला एक पानही उलटावे लागत नाही. आणि खरे सांगायचे तर, पुतळ्याला हार घालायलाही लागत नाही! पुतळा गेल्यावर हळहळलेल्या आपणांपैकी कितीजणांनी 'राजसंन्यास' उघडून पाहिले असेल?

म्हणून वर्गात गडकरी शिकवायला घेतले की मी मुलांना पुण्याच्या बागेत नेत नाही. आधी जलंबला उतरवून खामगावची वाट दाखवतो. न पटलेल्या गोष्टीशी हसतखेळत, पण शब्दांनीच कसे भांडावे, हे त्या गावच्या वकिलाने शंभर वर्षांपूर्वी दाखवून ठेवले आहे.

दिवाळीच्या फराळात पोह्यांचा चिवडा घरोघर असेलच. त्याबरोबर, वाचकहो, यंदा सुदाम्याचे पोहेही थोडे वाढून घ्यावेत!