हळदीनंतरचा बेस

लग्नाच्या मेकअपची ऑर्डर ठरवताना नवरीची आई हमखास विचारते, "ताई, सगळं ब्रँडेडच वापरता ना?" त्यामागची काळजी मला कळते. लेकीचा चेहरा आहे, फोटो जन्मभर राहणार आहेत. मी सरळ सांगते: बेस महागाचा, मस्कारा स्वस्तातला.

बेसवर पैसे घालायचे ते छटांसाठी. आपल्याकडे कोणाच्या वर्णात पिवळसर झाक असते, कोणाच्या तांबूस, कोणाच्या हिरवट. स्वस्त फाउंडेशनच्या चार-सहा बाटल्यांत एवढं मावत नाही. सावळ्या मुलीला त्यातल्या त्यात जवळची म्हणून फिकट छटा लावली की चेहरा राखाडी दिसतो आणि मान वेगळीच. २०१७ मध्ये फेंटी ब्यूटीने पहिल्याच खेपेला ४० छटा आणल्या, तेव्हा मला मनापासून बरं वाटलं. सावळ्या बाईने "चालवून घ्या" का ऐकायचं?

पण बाटली कितीही महाग असो, तिची खरी परीक्षा लग्नाच्या सकाळी होते. आदल्या दिवशी हळद लागलेली असते. दोनदा चेहरा धुतला तरी केसांच्या कडेला, कानामागे, मानेवर पिवळेपणा उरतोच. ट्रायलला चपखल बसलेली छटा आता जुळत नाही. मी जबड्याच्या कडेवर तीन रेघा ओढते, नवरीला खिडकीपाशी उभं करते आणि थांबते. त्वचेचं तेल बेसमध्ये मुरलं की रंग थोडा गडद होतो. त्यानंतर जी रेघ दिसेनाशी होते ती तिची छटा. बहुतेक वेळा दोन मिसळाव्याच लागतात. मग ओल्या स्पंजने दाबत दाबत पातळ थर. कपाळावर तर अगदीच हलका हात, कारण तिथे मुंडावळ्यांचा दोरा घासत राहणार. मे महिन्यातला मांडव, होमाचा धूर, पाठवणीचं रडणं. थापलेला जाड बेस यात हमखास फाटतो.

मस्कारा उघडल्यावर तीनेक महिन्यांत टाकायचाच असतो, डोळ्यांशी खेळ नको. शिवाय स्वस्तातली मेबलिन आणि महागडी लॅनकोम दोन्ही लॉरियाल कंपनीच्याच आहेत. किमतीत असलेला फरक मला पापण्यांवर दिसत नाही. लिपस्टिकचंही तसंच. पंगतीत उखाणा घेऊन घास भरवला की तुपाने ती सुटणारच, कोणत्याही किमतीची असो. आधी लिप पेन्सिलने ओठ भरून घेतले की निदान खालचा रंग टिकतो. पावडरीत तर महागाईचा भरवसाच नाही: बारीक सिलिकाची भारीतली पांढरी पावडर आरशात सुंदर दिसते आणि फ्लॅश पडला की डोळ्यांखाली पांढरे डाग उमटतात. म्हणून मी नवरी तयार झाली की आधी मोबाइलचा फ्लॅश मारून बघते.

लग्नानंतर मुली विचारतात, स्वतःसाठी काय घेऊ? उजेडात छटा पारखून एक चांगला बेस घे, एक चांगला ब्रश घे. काजळ-लिपस्टिक गल्लीतल्या दुकानातली चालेल, फक्त तारीख बघ. आणि नावाजलेल्या कंपनीची वस्तू कोणी पाव किमतीत देत असेल, तर तिथून निघ. नकली मालाने पुरळ उठलेले गाल मी झाकले आहेत. ते नीट झाकले जात नाहीत आणि त्या मुलीला दिवसभर आगही होत असते.