आपल्या माणसांचं पाप

भल्या माणसाकडून वाईट काम बिनदिक्कत करवून घ्यावं ते धर्मानंच, असं माझं कित्येक वर्षं पक्कं मत होतं. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३च्या दंगलीत ते घट्ट झालं. एरवी म्हाताऱ्यांच्या पिशव्या जिन्यावरून वर आणून देणारी आमच्या लालबागची पोरं तेव्हा बंद दुकानांची कुलपं फोडत होती. त्या दोन महिन्यांत मुंबईत सुमारे नऊशे माणसं मारली गेली, आणि १२ मार्चच्या बॉम्बस्फोटांत आणखी २५७. धर्म नसता तर हे घडलंच नसतं, असं मी छातीठोकपणे सांगत असे.

आता सांगत नाही. कृष्णा देसाईंच्या खुनाचा विचार करू लागलो आणि ते मत टिकेना. देसाई परळचे कम्युनिस्ट आमदार. ५ जून १९७०च्या रात्री लालबागमध्येच त्यांना भोसकून मारलं. शिवसेनेशी संबंधित तरुणांना त्याबद्दल शिक्षा झाल्या. तिथे देवाधर्माचा वाद नव्हता. गिरणगावात लाल बावट्याचं चालणार की सेनेचं, एवढाच प्रश्न होता. ऑक्टोबरात पोटनिवडणूक झाली, देसाईंच्या पत्नी सरोजिनीबाई उभ्या राहिल्या. आरोप कुणावर आहे हे ठाऊक असूनही मतदारांनी वामनराव महाडिकांना निवडून दिलं. ते सेनेचे पहिले आमदार.

मग मला माझे काका आठवले. लाल बावट्याचे, पक्के नास्तिक, शेजारच्या मुलांची फी स्वतःच्या पगारातून भरणारे. १८ जानेवारी १९८२ला गिरण्यांचा संप सुरू झाला. पुढे घरात दाणा उरला नाही म्हणून आमच्या मजल्यावरचा एक जण कामावर गेला आणि गेटबाहेर मार खाऊन आला. डोक्याला फडकं बांधून तो गॅलरीत बसला होता. काकू पेज घेऊन निघाली, तर काकांनी तिच्या हातातलं पातेलं काढून घेतलं. ‘फुटिराला पेज नाही,’ म्हणाले. काकांइतका दयाळू माणूस मी पाहिलेला नाही, म्हणूनच ते पातेलं मला इतकं छळतं.

धर्माला मी निर्दोष ठरवत नाही. परलोकातल्या बक्षिसाची हमी कुठला पक्ष देत नाही, हा फरक खराच, आणि भयंकरही. पण काकांना त्या हमीची गरज पडली नाही. समोरचा माणूस ‘आपला’ उरलेला नाही, एवढंच त्यांना पुरलं. दंगलीतल्या पोरांनाही तेवढंच पुरलं होतं, असं आता मला वाटतं.

धर्मांधतेविरुद्ध बोलणाऱ्या माझ्या मित्रांनो, जरूर बोला, मीही बोलेन. पण आपल्या पक्षाच्या, युनियनच्या, जातीच्या, भाषेच्या नावानं झालेली मारहाणही त्याच दमात सांगा.