झटका आणि पकड

अमेरिकेत ट्रक म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर दारातली पिकअप येते. सुट्टीत मागे ट्रेलर जोडायचा आणि एरवी तिनेच कामावर जायचं. जनरल मोटर्सच्या अशा गाड्यांत १९९३ पासून बरीच वर्षं ४एल६०-ई हा चार गिअरचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स बसत असे. तो चालवताना मला आधी जाणवतो तो त्याचा मऊपणा. पाय अर्धा दाबलेला असताना दुसरा गिअर पडतो, पण नेमका कधी पडला ते कळत नाही. इंजिनाचा आवाज सावकाश उतरतो, गाडी क्षणभर रेंगाळते आणि मग ओढ घेते. विकताना हाच गुण म्हणून सांगितला जातो. माझ्या मते भार ओढणाऱ्या गाडीत या मऊपणाची किंमत गिअरबॉक्सच्या आयुष्यातून चुकवावी लागते. शिफ्ट, म्हणजे गिअर बदलण्याची क्रिया, बेताने घट्ट आणि जलद करून घेणं याला लोक हौस म्हणतात. मी ते देखभालीत धरतो.

साधा हिशेब करू. पहिल्या गिअरचं गुणोत्तर ३.०६, दुसऱ्याचं १.६३. टॉर्क कन्व्हर्टरमधली घसरण बाजूला ठेवली, तर ४,००० आरपीएमवर दुसरा पडताच इंजिनाला सुमारे २,१३० वर यावं लागतं. मधला फरक घासून जिरवावा लागतो: दुसऱ्या गिअरला ड्रमभोवती आवळणाऱ्या पट्ट्यात, तिसऱ्याला ३-४ क्लचच्या प्लेटांमध्ये. यातली काही उष्णता टळत नाही. फिरत्या इंजिनाचा वेग उतरवायचा तर शिफ्ट कितीही जलद असो, तेवढी ऊर्जा कुठेतरी जिरणारच. पण शिफ्ट चालू असताना इंजिन काही थांबलेलं नसतं. ते नवी ताकद ओतत राहतं, आणि प्लेटा जितका वेळ घसरतील तितकी तीही त्यांच्यावरच जळते. चढावर, मागे वजन असताना, हा भाग मोठा होतो. टॉर्क ठरतो वजनाने आणि पायाने. आपल्याला कमी करता येते ती घसरणीची वेळ.

ही वेळ कुठे ठरते तेही पाहण्यासारखं आहे. ऑईल पॅन आणि फिल्टर उतरवला की व्हॉल्व्ह बॉडी दिसते. तिच्या आणि केसिंगच्या मध्ये पोलादाची पातळ प्लेट असते, लहानमोठ्या भोकांनी भरलेली. दुसऱ्या गिअरचं तेल त्यातल्या एका भोकातून सर्व्होकडे, म्हणजे पट्टा आवळणाऱ्या पिस्टनकडे जातं. भोक जेवढं बारीक, तेवढा पट्टा उशिरा आवळतो. त्याच वाटेवर ॲक्युम्युलेटर बसलेला असतो, म्हणजे मागे स्प्रिंग असलेला एक पिस्टन. येणारं काही तेल आधी त्याला मागे ढकलतं, म्हणून दाब एकदम चढत नाही. मऊपणा म्हणतात तो या दोन ठिकाणी तयार होतो. शिफ्ट किट बसवणारे नेमकं इथेच हात घालतात: भोक ठरल्या मापाने किंचित वाढवायचं, स्प्रिंग बदलायची. जोडीला कॉर्व्हेटचा मोठ्या व्यासाचा सर्व्हो पिस्टन घालतात. दाब तोच, क्षेत्रफळ जास्त, म्हणून पट्ट्याची पकड जास्त. हा भाग कंपनीचाच आहे, कोपऱ्यावरच्या गॅरेजचा जुगाड नव्हे.

यावर नेहमीचा आक्षेप असा की इंजिनिअरांना हे कळत नव्हतं का? कळत होतंच, आणि त्याचा पुरावा त्यांनी गिअरबॉक्सच्या आतच ठेवला आहे. तेलाचा दाब ज्या सोलेनॉइडने ठरतो, त्याचा करंट बंद पडला की दाब शून्यावर येत नाही, कमाल होतो. वायर तुटली तर शिफ्ट दणके देत पडतील पण प्लेटा घसरणार नाहीत, अशी ही रचना आहे. शिफ्ट लांबते आहे असं दिसलं की गाडीचा संगणक आपणहून दाब वाढवतो. पुढच्या गाड्यांत ‘टो-हॉल’ बटण आलं. ते दाबलं की गिअर उशिरा बदलतात आणि घट्ट पडतात. म्हणजे वजन ओढायचं तर घट्ट शिफ्ट हवी, हे बनवणाऱ्यालाच मान्य आहे. रिकाम्या गाडीच्या टेस्ट ड्राइव्हला मात्र मऊ शिफ्ट खपते. याच्या आधीच्या ७००आर४ मध्ये दाब एका केबलवर अवलंबून होता, आणि ती सैल जोडली गेली की क्लच जळायला फार दिवस लागत नसत. दाब कमी पडल्याने काय होतं, ते त्या गिअरबॉक्सच्या मालकांना वेगळं सांगायला नको.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे: झटक्याने भाग तुटतात. खरं आहे. या बॉक्समधला सन शेल नावाचा भाग बदनाम आहे. तो तुटला की दुसरा, चौथा आणि रिव्हर्स तिन्ही एकदम जातात. म्हणून घट्ट आणि दणकेबाज यांत मी फरक करतो. ॲक्युम्युलेटर पूर्ण बंद करून टाकणं, किंवा सोलेनॉइडच्या वायरीत रेझिस्टर घालून संगणकाला फसवणं, हे स्वस्त उपाय सिग्नलवरून हळूच निघतानाही गाडीला लाथ बसल्यासारखी हलवतात. दाब पायाच्या प्रमाणात वाढला पाहिजे, सदासर्वकाळ नव्हे. शिफ्टच्या क्षणी संगणक इंजिनाचं टायमिंग मागे घेऊन टॉर्क उतरवतो. ट्यूनिंग करणारे बरेच जण ते साफ काढून टाकतात. शर्यतीची गाडी असेल तर त्यांचं ते जाणोत. ट्रेलर ओढणाऱ्याने ते थोडं कमी करावं, काढू नये. सन शेलवरचा धक्का त्यानेच हलका होतो.

हे सगळं अशा ऑटोमॅटिक गिअरबॉक्सपुरतं; भारतातल्या एएमटी मालट्रकना यातलं काही लागू नाही. तिथे कोरडा क्लच आणि नेहमीचाच गिअरबॉक्स असतो, फक्त गिअर माणसाऐवजी यंत्र टाकतं.

राहिला प्रश्न थकलेल्या गिअरबॉक्सचा. तिसरा पडताना इंजिन नुसतंच रेस होत असेल, तर बहुधा ३-४ क्लच संपत आलेला असतो, आणि जळालेल्या प्लेटांना कोणतंही किट पुन्हा जिवंत करत नाही. म्हणून पैसे मोजण्याआधी पॅन उतरवून बघा. तेल लाल आणि तळाशी करडा पातळ थर असेल, तर काम जरूर करून घ्या आणि जोडीला ऑईल कूलरही बसवा. तेल काळं, वास करपट आणि तळाशी प्लेटांचा चुरा दिसला, तर किटचे पैसे वाचवा. तो गिअरबॉक्स उघडायलाच हवा.