मामूंचं पिस्तूल

मिरजोळ्यात पावसाळ्यात कोयत्यालाही गंज चढतो. मग पिस्तुलाचं काय? मामू मुंबई पोलिसांतून निवृत्त होऊन गावी आले, तेव्हा मी विचारलं, "मामू, गोळ्या झाडून झाडून पिस्तूल झिजतं का?"

हसले. "अरे, झाडतो कोण? झिजतं ते कमरेला."

त्यांचं ९ एमएमचं होतं. बंगालमधल्या इशापूरच्या कारखान्यातलं, मूळ नमुना १९३५च्या ब्राउनिंगचा, मॅगझिनमध्ये १३ गोळ्या. होल्स्टरमध्ये रोज घासून तोंडाजवळचा काळा मुलामा उडालेला, लोखंड पांढरं पडलेलं. घामानं आणि खाऱ्या हवेनं नेमका तिथेच गंज धरायचा. पोलादी नळी हजारो गोळ्या सोसते. आधी दमते ती स्लाइड पुन्हा पुढे ढकलणारी स्प्रिंग. ती वेळेवर बदलली, तेलाचा हात फिरवला, की हत्यार माणसाला पुरून उरतं.

सरावाखेरीज मामूंनी एकही गोळी झाडली नाही. वर्गातल्या पोरांना मी हे सांगतो, तर त्यांचे चेहरे पडतात. त्यांना सिनेमातलं पिस्तूल ठाऊक.

पिस्तूल कधीच खात्यात जमा झालं. मामूंच्या उजव्या कमरेवर पट्ट्याचा काळा वण मात्र अजून आहे. परवा गुडघ्याला तेल चोळता चोळता म्हणाले, "आता माझी स्प्रिंग कोण बदलणार रे?"