उरलला खंय गेला?

अनंत भूमितीय श्रेढीची बेरीज सूत्राने एका ओळीत निघते: पहिल्या पदाला एक वजा सामान्य गुणोत्तराने भागायचे. अट एवढीच, की गुणोत्तराचे केवल मूल्य एकपेक्षा कमी हवे. १/४ + १/१६ + १/६४ + … या श्रेढीची बेरीज १/३. मालवणकडच्या अकरावीच्या वर्गात हे उत्तर फळ्यावर आले की कुणीतरी विचारतेच, “सर, उरलला खंय गेला?” शिकवणाऱ्याचे केस पिकतात, प्रश्न तसाच राहतो.

नारळाच्या चौकोनी वडीचे चार सारखे तुकडे करून तिघांना एकेक द्यावा, चौथ्याचे पुन्हा चार करावेत. असे चालू ठेवले तर तिघांचे वाटे सारखे राहतात आणि हातातला तुकडा दर खेपेला आधीच्या चौथाईवर येतो. पण तो उरतोच.

केरळच्या नीलकंठ सोमयाजींनी (जन्म १४४४) आर्यभटीयावरील भाष्यात हीच श्रेढी घेतली आणि विचारले: बेरीज तेवढीच वाढते, आणि तिथवर नक्की वाढते, हे कशावरून? त्यांनी उणीव मोजली. १/३ मधून १/४ वजा केल्यास १/१२ राहतो; त्यातून १/१६ वजा केल्यास १/४८. उणीव नेहमी शेवटच्या पदाच्या एक तृतीयांश. ती शून्य होत नाही, म्हणून बेरीज १/३ ओलांडत नाही. आणि कितीही बारीक माप घेतले तरी उणीव त्याखाली जाते, म्हणून १/३ हून लहान कोणतीही संख्या बेरजेला अडवू शकत नाही. या अर्थानेच अनंत पदांची बेरीज १/३. उरलेला तुकडा प्रत्येक सांत पायरीवर असतो. सर्व पायऱ्यांनंतर उरेल असा एकही धन तुकडा नाही.

सूत्र काढताना वापरली जाणारी, श्रेढीला गुणोत्तराने गुणून वजा करण्याची युक्ती देखणी आहे. ती दोन ओळींत उतरवून वर्गाकडे वळताना शिक्षकाला स्वतःच्या हाताचा गर्व वाटतो, आणि त्या गर्वापायी उणीव झाकली जाते. हीच युक्ती १ + २ + ४ + … ला लावली तर उत्तर उणे एक येते! बेरीज अस्तित्वात आहे हे ठरल्याशिवाय ती वजाबाकी निरर्थक. सीईटीच्या शिकवण्यांनी ही पायरीच गाळली आहे. तिथे सूत्र पाठ करून पर्याय निवडला की प्रकरण संपते.

आवर्ती दशांशही अशाच श्रेढी. नववीत ०.७७७… = ७/९ हे मुले मुकाट मान्य करतात. ०.९९९… = १ म्हटले की वर्ग भांडतो. भांडू द्यावा. शिक्षकांनी आंशिक बेरजेशेजारी उणिवेचा रकाना मांडावा आणि तो भरून झाल्यावरच सूत्र द्यावे.